टाचणीला आवाज नसतो

मुलीच्या पत्राची घडी आता इतकी मऊ झाली होती की खिशात हात घातला की जुना रुमाल लागल्यासारखं वाटे. थंडी सरताना आलेलं पत्र, आणि आता ऊन डोक्यावर रणरणत होतं. "उत्तर लिहूनच पाठवा," असं तिने शेवटी लिहिलं होतं आणि त्याखाली जोरात रेघ ओढली होती. रेघ कागदाच्या मागच्या बाजूलाही बोटाला लागायची. त्याने उत्तर पाठवलं नव्हतं.

"कसला विचार चाललाय?" बायकोने विचारलं. ती त्याच्या दंडाला धरून शेजारून चालत होती.

"काही नाही."

"काही नसतं तेव्हा तुमच्या चपला सरळ वाजतात. आत्ता घासतायत."

त्याने पावलं जरा उचलून टाकायला सुरुवात केली. ती हसली.

दोघं तळ्याकडे निघाली होती. तळं म्हणायचं इतकंच. शर्टांच्या कारखान्यामागे पूर्वी कापड रंगवायचं काम चाले, त्यासाठी पाणी साठवायची ती दगडी टाकी होती. रंगकाम बंद पडलं. टाकीत शेवाळ धरलं, कडेने लव्हाळी उगवली, पाण्यावर पानं पसरली आणि लोक तिला तळं म्हणू लागले. बायकोने त्याच कारखान्यात काज-बटणाच्या टेबलावर आयुष्य काढलं होतं. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका भिंतीच्या सावलीला कलंडत, तेव्हा ही टाकीच्या कठड्यावर जाऊन बसायची.

तिला तिथे बसवलं ते त्याच्याच एका पुस्तकाने. म्हणजे पुस्तक त्याचं नव्हतं, शहराच्या वाचनालयाचं होतं. तो तिथे बाइंडर होता. फाटलेली पुस्तकं उसवायची, पानं जुळवायची, शिवायची, पाठीला कापड चिकटवायचं. हाताखालून जाणारं प्रत्येक पुस्तक तो थोडंथोडं वाचायचा. त्यामुळे त्याला पुष्कळ गोष्टी अर्ध्याअर्ध्या माहीत होत्या आणि एकही पूर्ण माहीत नाही अशी त्याची खात्री होती. कुणी काही विचारलं तर तो म्हणायचा, "बहुधा." लग्न झाल्याच्या पहिल्याच महिन्यात बायकोने त्याचं नाव बहुधासाहेब ठेवलं होतं.

पाणवठ्यावरच्या किड्यांचं ते पुस्तक पाठ उसवलेल्या अवस्थेत घरी आलं, तेव्हा तिने चुलीपुढून उठून, हात पुसून, त्यातली चित्रं पाहिली. दुसऱ्या दिवशी टाकीवरून आली ती बोलतच.

"तुमच्या पुस्तकात पानंच्या पानं भरलीत ते एवढंच ना? चतुर बसला की पंख पसरून बसतो. टाचणी बसली की पंख पाठीवर मिटून घेते. चतुराचे डोळे एवढे मोठे की डोक्यावर एकमेकांना चिकटलेत. टाचणीचे दोन बाजूंना दोन, मध्ये मोकळी जागा. चतुर दांडगा, टाचणी काडीसारखी. झालं."

"मागच्या पंखांचंही आहे," तो म्हणाला होता. "चतुराचे मागचे पंख बुडाशी रुंद असतात. टाचणीचे चारही सारखे."

"ते तुम्ही पुस्तकात बघा. मी टाकीवर बघते."

"पण काही टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवूनही बसतात म्हणे."

"तुम्हाला नियमाआधी अपवाद दिसतो," ती म्हणाली होती. "माझ्याशी लग्न कसं केलंत कोण जाणे."

पुढे ती त्याला तिथे न्यायला लागली. लव्हाळ्याच्या पात्यावर निळी काडी टेकलेली असे. तो "कुठे, कुठे" करीपर्यंत ती उडून जाई. तिची नजर तशी तेज. कारखान्यात सुईत दोरा ओवायला बाकीच्या बायका तिच्याकडे यायच्या. दोन टाचण्या एकमेकींना जोडून उडताना दिसल्या की तिला फार गंमत वाटे. नर शेपटीच्या टोकाने मादीची मान धरतो, आणि ती पाण्यातल्या देठात अंडी घालेपर्यंत सोडत नाही. "बघा," ती म्हणायची, "नाहीतर तुम्ही. रस्त्यात चार पावलं मागून चालता, जसे काही वसुलीला आलाय."

ते खरं होतं. लोकांत बायकोचा हात धरायची त्याला लाज वाटे. आता म्हातारपणी तिनेच त्याचा दंड धरला होता. गेल्या वर्षापासून. पहिल्यांदा धरला तेव्हा त्याला कानापर्यंत ऊब आली होती. पेठेतल्या लोकांनी पाहिलं, आणि पाहू दे, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं.

*

पत्र असं होतं:

"बाबा, आईला नीट दिसत नाही असं मला वाटतं. मी आले होते तेव्हा तिने चहाचा कप टेबलाच्या बाहेर ठेवला. मी हात पुढे केला म्हणून वाचला. विचारलं तर म्हणाली, तू बडबड करतेस म्हणून लक्ष उडालं. मी इथे आमच्या इस्पितळातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलले. ते म्हणतात काचबिंदू असेल तर दुखत नाही, डोळा लाल होत नाही, नजर कडेकडेने जात राहते. गेलेली परत येत नाही. उरलेली वाचवता येते, वेळेवर आलं तर. तुम्ही दिवसभर तिच्याजवळ असता, तुम्ही नीट बघा आणि मला सांगा. फोन नको. दुकानातल्या फोनवर आई शेजारी उभी असते आणि तुम्ही हं हं करता. 'दिसत नाही' एवढे दोन शब्द लिहा. मी दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येते. ती नको म्हणाली तरी उचलून नेते."

ती नको म्हणेल हे लिहायची गरज नव्हती. बायकोची आई शेवटी आंधळी झाली होती. थोरल्या मुलाने तिला आपल्या घरी नेलं. तिथल्या खोल्या तिला माहीत नव्हत्या, म्हणून तिला एका कोपऱ्यात खुर्ची दिली. ताट हातात मिळे. घरातले तिच्या समोरच तिच्याबद्दल बोलत, ऐकूही येत नसल्यासारखे. भेटून परत येताना बायको रस्त्यात म्हणाली होती, "मला असं बसवायच्या आधी टाकीत ढकलून द्या." ती विनोद करत नव्हती, हे कळायला त्याला बराच वेळ लागला होता.

पत्र वाचल्यावर त्याने एकदाच विचारलं. म्हणजे विचारायला तोंड उघडलं. "तुझे डोळे..." एवढं म्हणाला.

"माझे डोळे? दाखवू?" तिने सुया खोचायची गादी पुढे ओढली, त्यातली सुई उपसली आणि त्याच्या सदऱ्याचं सुटलेलं बटण तिथल्या तिथे लावून दिलं. दोरा दातांनी तोडला. बटण अगदी मध्यावर बसलं होतं.

मग तो काय लिहिणार? दिसत नाही असं लिहावं आणि दिसत असेल तर? मुलगी येईल, आईला उचलून नेईल, आणि हे सगळं त्याच्या एका शंकेवर. दिसतं असं लिहावं आणि दिसत नसेल तर? आपल्याला जे दिसतं ते आपण बघतो की कल्पतो, याचीच त्याला कधी खात्री नसे.

शेवटी त्याने आपल्यापुरता एक मार्ग काढला. रोज सकाळी तळ्यावर न्यायचं. कठड्यावर बसायचं. सहज विचारल्यासारखं विचारायचं, "ते काय गं, टाचणी की चतुर?" पुस्तकातल्या चित्रात नखाएवढा दिसणारा तो फरक. पंख मिटलेले की पसरलेले, डोळे जुळलेले की सुटे. एवढं जिला दिसतं तिला काय दिसत नाही?

ती पास होत गेली. पाण्यावरून काही सर्रकन गेलं की म्हणे, "चतुर." लव्हाळ्याकडे बोट केलं की क्षणभर मान कलती करी आणि म्हणे, "टाचणी. बघा ना, पंख मिटून बसलीय." कधी चुकली नाही. रोज त्याला हायसं वाटायचं. परत येताना ती दंड धरायची, दुपारी म्हणायची, "पेपर वाचून दाखवा ना, तुमचा आवाज ऐकायला बरं वाटतं." आयुष्यभर त्याच्या वाचनाला नावं ठेवणारी बायको. तो जाहिरातींसकट सगळा पेपर वाचायचा. आपल्या आवाजात असं काही आहे हे त्याला म्हातारपणीच कळत होतं. खिशातल्या पत्राला मग तो हात लावत नसे.

*

त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. ऊन पाण्यावर पडून वर येत होतं. ती कठड्यावर बसली, दगड हाताने चाचपून, नेहमीसारखी. समोर, कठड्याला लागूनच, मोडलेलं एक देठ पाण्याबाहेर आलं होतं आणि त्याच्या टोकावर लाल चतुर बसला होता. चांगला बोटाएवढा. हात लांबवला तर लागला असता. चारही पंख पसरलेले, ऊन त्यांतून खाली पाण्यावर पडलेलं.

"ते काय गं?" त्याने विचारलं. आज विचारायचीही गरज नव्हती, नुसतं दाखवायचं म्हणून विचारलं.

तिने मान कलती केली. थोडी थांबली.

"टाचणी," ती म्हणाली. "निळी आहे. पंख मिटून बसलीय."

चतुर तसाच बसून होता. त्याने एकदा डोकं फिरवलं, समोरचे पाय तोंडावरून फिरवले.

थट्टा करत असेल, त्याला वाटलं. तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती देठाकडेच बघत होती, किंवा देठ असेल त्या बाजूला. ओठांवर तिचं नेहमीचं, उत्तर बरोबर आल्यासारखं हसू होतं.

शेजारी चिखलात एक वाळकी काडी उभी होती. तिच्यावर काहीही नव्हतं. त्याचा हात आपोआप तिकडे वळला.

"आणि ती, त्या काडीवर?"

पुन्हा मान कलती. पुन्हा थोडा वेळ.

"तीही टाचणीच. जोडी आहे हो."

चतुर उडाला. उडाला तेव्हा त्याचे पंख वाजले, कोरा कागद झटकल्यासारखे. ती लगेच म्हणाली, "आणि हा चतुर."

तेव्हा त्याला कळलं. चतुर जवळून जातो तेव्हा वाजतो. टाचणीला आवाज नसतो. आवाज आला की चतुर, आणि आवाज नसला की टाचणी. इतके दिवस तो बोट करत होता आणि ती कान देत होती. तळ्यावर बसलेलं बहुतेक वेळा टाचणीच असायचं, म्हणून चुकली नव्हती. ज्या ज्या वेळी तिने पंख मिटलेले सांगितले त्या वेळी ती शांततेला नाव देत होती.

"आज उडाले नाहीत का फार?" तिने विचारलं.

"ऊन आहे," तो म्हणाला. उन्हात ते जास्तच उडतात, हे तिला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

परत येताना तिने दंड धरला आणि त्याला तो सोडवून घ्यावासा वाटला. सोडवला नाही. रस्त्याला लागल्यावर उंबऱ्याएवढी पायरी येते, तिथे तिची बोटं आवळली. रोज आवळत असणार. आज त्याला ते कळलं. गटाराच्या फरशीशी पुन्हा आवळली. कोपऱ्यावर सायकली लावलेल्या असतात, तिथे ती त्याच्या मागे सरकली. ज्या दाबाला तो वर्षभर प्रेम समजत होता तो एकेका खाचखळग्याचा हिशेब होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिला दिसणार नाही हेही लगेच लक्षात आलं आणि त्याने ते पुसलं नाही.

*

घरी आल्यावर तिने चहा केला. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत राहिला. पहिल्यांदाच बघत होता. कपाच्या आत तिने बोटाचं पेर अडकवलं आणि चहा बोटाला लागला तशी ओतायची थांबली. पेरावरची कातडी जाड, काळपट झालेली. भांडी मांडणीवर होती तशीच रोज असत, एकही इकडची तिकडे नाही. तो त्याला नीटनेटकेपणा समजायचा. सुयांच्या गादीत सगळ्या सुया दोरा ओवलेल्या होत्या.

"दोरे कोण ओवतं?" त्याला विचारायचं होतं. विचारलं नाही. शेजारची टायपिस्ट दर सुट्टीला गादी मागून न्यायची, "मावशी, तुमच्या सुया देते हं आणून," असं म्हणायची. तो पुस्तकात डोकं घालून बसलेला असे.

चहा झाला. ती खिडकीपाशी बसली.

"वाचा ना पेपर."

त्याने पेपर उचलला. मथळ्यांवरून डोळे फिरवले.

"आज तू वाच," तो म्हणाला.

तिने हात पुढे केला. त्याने पेपर हातात दिला. तिने तो उघडला, मांडीवर नीट केला, इकडेतिकडे चाचपलं.

"चष्मा कुठे गेला माझा?"

"डोळ्यांवर आहे," तो म्हणाला.

खाली रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. तिचं चाक कुरकुरत होतं. ते ऐकू येईनासं झालं. तिने चष्मा काढला, पेपराची घडी कडेला कडा लावून घातली आणि चष्मा त्यावर ठेवला.

"कधी कळलं?"

"आत्ताच. लाल चतुर होता. तुझ्यापासून हातभर."

"वाजला नाही."

"बसला होता."

"हं." ती विचार करत राहिली. "बसलेल्या चतुराचा विचारच केला नाही मी. तुमच्यासारखे अपवाद बघायला हवे होते." मग थोड्या वेळाने, "आणि काडीवर?"

"काही नव्हतं."

"मी जोडी म्हणाले ना?"

"हो."

ती हसायला गेली, पण हसू मध्येच राहिलं. "तुम्ही परीक्षा घेताय हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुम्हाला सहज विचारता कुठे येतं काही. सहज विचारायच्या आधी तुम्ही खाकरता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का नाही? किड्यांचं विचारत होतात. डोळ्यांचं विचारायचं होतं तर डोळ्यांचं विचारायचं."

त्याने खिशातलं पत्र काढलं. कागदाचा आवाज तिने ओळखला.

"ते मीच ठेवलं होतं तुमच्या पुस्तकात," ती म्हणाली. "टपालवाल्याने माझ्या हातात दिलं. नुसतं तुमचं नाव घातलंय म्हणाला, तेव्हाच समजले काय असणार ते. फाडून टाकता आलं असतं. पण म्हटलं, बघू हे काय करतात."

"मी काही केलं नाही."

"मला बरं वाटत होतं तुम्ही काही करत नव्हता ते. रोज सकाळी उठून वाटायचं, आज नाही पाठवलं, चला." ती मांडीवरच्या पेपराची घडी पुन्हा सरळ करत होती. "आणि कधीकधी वाटायचं, पाठवत का नाहीत हे. माणूस आहे की दगड. दोन्ही वाटायचं."

त्याने विचारलं, "अगदीच दिसत नाही?"

"डावा केव्हाच गेला. उजव्याने नळीतून बघितल्यासारखं दिसतं, तीही धुकं भरलेली. इकडे या." तो जवळ गेला, खाली वाकला. तिने त्याच्या तोंडासमोर तोंड आणलं. "नाक दिसतं तुमचं. ओठ थोडे. कान नाही दिसत." तिने हात वर करून त्याचा कान चाचपला. "पत्र आलं तेव्हा कान दिसत होते."

तो तसाच वाकून राहिला. पाठीत कळ आली तरी सरळ झाला नाही. एका पत्राला उत्तर दिलं असतं तर कान राहिले असते. तिच्या डोळ्यांतला तेवढा तुकडा, त्याच्या दोन कानांएवढा, त्याने बहुधा बहुधा करत घालवला होता. इतके दिवस खिशातलं पत्र खिशातच होतं आणि ती रोज थोडीथोडी कमी बघत होती, त्याच्याच शेजारी बसून. आता हे कुणाला सांगायचं आणि सांगून काय भरून यायचं होतं? त्याने खिडकीची चौकट धरली.

"बसा," ती म्हणाली. "पडाल. मला उचलता येणार नाही तुम्हाला, कुठे पडलात ते आधी शोधावं लागेल."

तो बसला. आणि मग, अशा वेळी विचारू नये हे कळत असताना, त्याने विचारलंच.

"म्हणजे हात धरायचीस ते... आणि पेपर वाचायला सांगायचीस..."

"डोळ्यांसाठी," ती म्हणाली.

"हं."

"आधी डोळ्यांसाठीच. नंतरचं मला नका विचारू, मलाही नीट सांगता येणार नाही. आवाज बरा वाटायला लागला होता." ती थांबली. "बहुधा."

*

तो तडक खाली दुकानात गेला. फोनजवळ दोनचार गिऱ्हाइकं उभी होती. मुलीच्या इस्पितळाचा नंबर त्याला पाठ होता तरी कागद काढून पुन्हा पुन्हा बघून लावला. पलीकडून कुणी बाई बोलली. मुलगी शिबिरासाठी गावोगाव फिरतेय, आठवडाअखेर येईल, टपाल मात्र रोज गाडीबरोबर तिला जातं, निरोप काय द्यायचा?

दुकानदार वजनं ठेवता ठेवता थांबला होता. गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघत होती. 'दिसत नाही' हे दोन शब्द त्याच्या जिभेवर आले आणि त्या सगळ्या लोकांसमोर, एका अनोळखी बाईच्या कानात, आपल्या बायकोचे डोळे टाकायला त्याची जीभ वळेना.

"काही नाही," तो म्हणाला. "सगळं ठीक आहे म्हणावं."

फोन ठेवल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. पुन्हा लावायला हात उचलला, तेवढ्यात मागच्या माणसाने "झालं ना काका?" म्हणून फोन घेतला. तो जिना चढून वर आला.

"नाही सांगितलंत ना?" ती आतून म्हणाली. "चपला घासताय."

त्याने टेबल खिडकीशी ओढलं. कागद घेतला. पेनाचं टोपण काढलं.

"नका लिहू," ती म्हणाली. आता तिचा आवाज वेगळा होता. "ऐका माझं. इथे मला सगळं दिसतं. मांडणी कुठे, उंबरा कुठे, तुम्ही कुठे, सगळं. तिथे गेले की मी आंधळी. इथे मी आंधळी नाही. माझी आई नव्हती का आमच्या घरात चांगली हिंडतफिरत? खुर्चीत बसवलं त्या दिवशी आंधळी झाली ती."

"माझं नाक राहील," तो म्हणाला.

"काय?"

"कान गेले. नाक तरी राहील. वेळेवर गेलो तर."

"आणि डॉक्टर म्हणाले आता उपयोग नाही तर? घर सुटेल ते सुटेल आणि नाकही जाईल."

तसंही होऊ शकत होतं. एरवी तो याच जागी थांबला असता, उलटसुलट करत राहिला असता. त्याने पेन कागदावर टेकवलं. पहिलं अक्षर फराटा झालं. त्याने कागद बदलला नाही.

"दिसत नाही," त्याने लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. "ये."

ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. मग म्हणाली, "एवढंच पाठवणार? तीन शब्द?"

"तिने दोनच मागितलेत."

"पुढे लिहा. आईला खुर्चीत बसवायचं नाही. लिहिलंत? काम द्यायचं. बटणं लावायला डोळे लागत नाहीत, गेलं वर्षभर लावतेच आहे. सुया ओवून ठेवायच्या. खोलीतल्या वस्तू हलवायच्या नाहीत. माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलायचं तर मला विचारून. आणि..." ती अडखळली. "आणि बाबाही येतील म्हणावं. येणार ना तुम्ही?"

"येणार."

"तिथे वाचनालय असेल नसेल."

"येणार म्हटलं ना."

त्याने ते सगळं ती म्हणाली तसं लिहिलं. शेवटी आपल्या मनाचं एक वाक्य घातलं: खिडकीतून पाणी दिसलं नाही तरी चालेल, पण ऐकू येईल अशी खोली असली तर बघ. ते त्याने वाचून दाखवलं नाही.

पाकीट चिकटवून तो उठला तशी तीही उठली.

"तू कशाला?"

"तुम्ही पेटीपर्यंत जाल आणि परत याल. मी ओळखून आहे तुम्हाला."

दुपार होती. रस्ता तापला होता. ती दंड धरून चालत होती आणि तो आता सांगत चालला होता, पहिल्यांदाच, मोठ्याने: पायरी, फरशी, सायकली. "कळतं हो मला," ती दोनदा म्हणाली, पण त्याला थांबवलं नाही. दुकानापाशी आल्यावर दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिलं. तो "पायरी" म्हणाला ते दुकानदाराने ऐकलं असणार. ऐकू दे, त्याला वाटलं, पण ते वाटणं मागच्या वर्षीसारखं उबदार नव्हतं.

टपालपेटी कोपऱ्यावरच्या भिंतीत बसवलेली होती. त्याने पाकीट खिशातून काढलं आणि तसाच उभा राहिला.

"द्या इकडे," ती म्हणाली.

तिने डाव्या हाताने पेटीचं तोंड शोधलं. आधी कुलूप लागलं, मग वेळापत्रकाची पाटी, मग फट. काज शोधावं तशी तिची बोटं फटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. मग उजव्या हाताने पाकीट आडवं धरलं, आत सरकवलं, आणि टोकाला धरून राहिली. शेवटी तिने सोडलं.

दोघंही ऐकत उभी राहिली. पेटी भरलेली असावी, नाहीतर पाकीट हलकं होतं. आवाज आला नाही.

"पडलं का?" तिने विचारलं.

त्याने फटीत बोटं घातली, जातील तेवढी. बोटांना काही लागलं नाही.

"पडलं," तो म्हणाला.

ती त्याच्या नेहमीच्या 'बहुधा'साठी थोडी थांबली. तो शब्द आला नाही. तिने दंड धरायला हात पुढे केला. अंदाज जरा चुकला होता, हात त्याच्या डावीकडे मोकळ्या हवेत गेला. तो एक पाऊल तिकडे सरकला.